ॲल्युमिनियमच्या बोटीवरचा जुना रंग काढताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाषा थोडी आवरली आहे, अडचणी ज्याच्या त्याच ठेवल्या आहेत. ‘बूड’ म्हणजे पाण्याखाली राहणारा भाग आणि ‘बाजू’ म्हणजे पाण्यावरचा, एवढं धरून वाचा.

१. जुना रंग मुळापासून काढायलाच हवा का? घासून वरून नवा हात दिला तर?

बहुतेक वेळा चालतं. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं. पत्र्याला घट्ट धरून बसलेला जुना रंग हा नव्या रंगाला मिळू शकणारा उत्तम आधार असतो. कारखान्यात बसलेला पहिला प्रायमर तर आपण उघड्यावर लावू त्यापेक्षा बहुधा चांगलाच असतो.

पकड तपासायला धारदार कटरने २-२ मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा. त्या जाळीवर चिकटपट्टी नखाने दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रेघांच्या कडेला थोडी भुकटी निघाली तर हरकत नाही. चौकोनच्या चौकोन पट्टीला चिकटून आले तर त्या भागातला रंग काढावा लागेल. ही तपासणी चार-पाच ठिकाणी करा. बाजूंचा रंग पक्का आणि बुडाचा पोकळ, असं सर्रास दिसतं.

फोड आलेले, पापुद्रे सुटलेले, रंगाखाली पांढरी भुकटी दिसते (प्रश्न १३), किंवा बुडाला तांबं असलेला रंग लागलाय (प्रश्न १६), तर मात्र पत्रा उघडा करण्याला पर्याय नाही.

२. लोखंडी बोटीचा रंग आम्ही कायम काढतो. ॲल्युमिनियमला वेगळं काय?

तीन गोष्टी. ॲल्युमिनियम मऊ असतं, त्यामुळे लोखंडावर जे हत्यार फक्त रंग काढतं ते इथे पत्राही काढतं. दुसरं, त्याला गंजापासून वाचवणारा ऑक्साइडचा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो. खरवडला तर हवेत लगेच परत तयार होतो, पण साधारण ४ ते ९ पीएचच्या बाहेर तो टिकत नाही. म्हणजे तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली, दोन्ही त्याचे वैरी. तिसरं, दुसऱ्या धातूचा सहवास त्याला सोसत नाही. ओलाव्यात लोखंडाचा किंवा तांब्याचा कण चिकटून राहिला की झिजतं ते ॲल्युमिनियम.

खालची बहुतेक उत्तरं या तीन कारणांवरच उभी आहेत.

३. बोट जुनी घेतली. तिच्यावर कोणता रंग आहे ते कसं कळणार?

नेमकं नाव कळणार नाही, जात कळेल. पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन ते रंगावर मिनिटभर दाबून ठेवा आणि मग चोळा. रंग फडक्यावर उतरला किंवा चिकट झाला तर तो एका डब्यातला साधा रंग आहे आणि बऱ्यापैकी सहज निघेल. फडकं कोरंच राहिलं तर हार्डनर घालून केलेला इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन समजा आणि वेळेचा अंदाज दुप्पट करा.

मग एका कोपऱ्यात रुपयाएवढी जागा ओल्या पॉलिश पेपरने हळूहळू, पसरट घासा. झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतील. प्रत्येक वलय म्हणजे एक हात. सगळ्यात आतलं वलय नीट बघा, कारण पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

४. आतला थर पिवळट हिरवा आहे. घाबरायचं कारण आहे का?

घाबरू नका, पण कोरडं घासणं तिथेच थांबवा. जुन्या ॲल्युमिनियमच्या बोटींवर आणि विमानांवरही झिंक क्रोमेटचा प्रायमर लावायची पद्धत होती आणि त्याचा रंग असाच पिवळा किंवा पिवळट हिरवा असतो. त्यातलं क्रोमियम षट्‌संयुजी, म्हणजे कर्करोग घडवणाऱ्या प्रकारातलं. पत्र्याला चिकटून असेल तोवर ते जागचं हलत नाही, धूळ होऊन श्वासातून गेलं की नुकसान करतं. म्हणून या थरापाशी एक तर ओलं घासा, नाहीतर रिमूव्हरने (रंग मऊ करणारं रसायन, पुढचा प्रश्न) मऊ करून लगद्याच्या रूपात उचला. तो थर पक्का बसलेला असेल तर त्याला हातच न लावणं सगळ्यात शहाणपणाचं.

जुन्या रंगात आणखी दोन पाहुणे असू शकतात. एक शिसं, ते बरेचदा केशरी-लाल प्रायमरमध्ये असतं. दुसरं कथिलाचं संयुग, ट्रायब्युटिलटिन. तांब्याचे रंग ॲल्युमिनियमला चालत नाहीत म्हणून शेवाळ-शिंपले रोखायला एके काळी मुद्दाम कथिलाचे रंग याच बोटींना लावत. समुद्री जिवांवरच्या परिणामांमुळे त्यांच्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. त्याआधीच्या बोटीच्या बुडावर तो रंग असण्याची शक्यता धरूनच चाला.

५. कोणता पेंट रिमूव्हर घ्यावा?

डब्यावर ‘ॲल्युमिनियमसाठी चालेल’ असं स्पष्ट छापलेलं असेल तोच. ‘सर्व धातूंसाठी’ या शब्दांवर विसंबू नका, मागची बाजू वाचा.

माझी पसंती बेंझिल अल्कोहोलवर आधारलेल्या रिमूव्हरला आहे. तो सावकाश काम करतो, काही तासांपासून अख्ख्या रात्रीपर्यंत, पण पत्र्याला काही करत नाही. मात्र त्यातही काही प्रकारांत आम्ल मिसळलेलं असतं, म्हणून आधी तळहाताएवढ्या जागेवर लावून बघा. काढल्यावर पत्रा काळवंडला किंवा त्यावर बारीक बुडबुडे दिसले तर तो डबा परत करा.

मेथिलीन क्लोराइडचा रिमूव्हर दहा-पंधरा मिनिटांत रंग उठवतो, हे खरं आहे. पण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या आत किंवा खाली साचून राहते आणि शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद जागेत काम करताना त्याने माणसं मेली आहेत. साध्या कार्ट्रिजच्या मास्कवर त्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना तो विकायला बंदी घातली गेली. बोटीच्या पोटात शिरून काम करायचं असेल तर हा विषयच काढू नका.

६. रिमूव्हर लावला, तासाभराने खरवडला, काहीच निघालं नाही. डबा खराब निघाला का?

डबा बहुधा ठीक आहे. पातळ हात दिला गेला आणि तो वाळला. रिमूव्हर रंगासारखा ‘लावायचा’ नसतो, लोण्यासारखा थापायचा असतो, २-३ मिलिमीटर जाड. ब्रश एकाच दिशेने न्यायचा. मागे-पुढे फिरवला की वरची साय मोडते आणि आतलं द्रावण उडून जातं. थापून झालं की वर पातळ प्लास्टिक पसरा आणि हवेचे फुगे तळव्याने बाहेर काढा. काम सावलीत करा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर कुठलाही रिमूव्हर फुकट जातो.

आता वाट बघायची. झाला की नाही हे घड्याळाला विचारू नका, रंगाला विचारा. प्लास्टिक कोपऱ्यातून उचला आणि बोथट पत्रीचं, म्हणजे स्क्रेपरचं, टोक लावून ढकला. तयार रंग सुरकुत्या पडून ओल्या कागदासारखा गोळा होतो आणि खाली राखाडी, चमक नसलेला पत्रा दिसतो. वरचा एकच थर आला आणि खालचा टणक लागला तर जोर लावू नका, परत थापा. सहा-सात थर साचलेल्या बुडाला दोन-तीन फेऱ्या लागतात, त्यात कमीपणा काही नाही.

खरवडायला प्लास्टिकची किंवा लाकडाची पत्री घ्या. पोलादी पत्रीच हाताशी असेल तर तिचे दोन्ही कोपरे कानशीने गोल करून घ्या. पत्र्यावर लांब ओरखडे पडतात ते त्या कोपऱ्यांनीच. पातळ लेटेक्सचे हातमोजे रिमूव्हरमध्ये तग धरत नाहीत, डब्यावर सांगितलेल्या जातीचेच घाला. डोळ्यांवर बंद कडांचा चष्मा हवाच. खालून वर बघत काम करताना थेंब कुठे पडतो हे एकदाच कळतं.

७. रिव्हेटच्या बोटीला रिमूव्हर लावावा का? सांध्यात शिरणार नाही का?

शिरतो. पत्र्यावर पत्रा चढवून रिव्हेट मारलेल्या सांध्यात तो केशाकर्षणाने ओढला जातो, आतलं सीलंट फुगवतो आणि पुढे कित्येक दिवस थोडा थोडा पाझरत राहतो. म्हणून सांध्याच्या आणि रिव्हेटच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं जागा सोडून जाड चिकटपट्टी लावा आणि तेवढा पट्टा हाताने करा.

हे काम कंटाळवाणं आहे. रिव्हेटच्या डोक्याभोवतीचा रंग कडक नायलॉनच्या ब्रशने आणि तासलेल्या लाकडी काडीने एकेक करून निघतो. गोल फिरवायचं, फुंकायचं, पुढचा. एका लहान बोटीला शेकडो रिव्हेट असतात, तेव्हा गुडघ्याखाली जाड उशी घ्या. एक फायदा मात्र आहे. ढिला झालेला रिव्हेट याच वेळी सापडतो, कारण त्याच्याभोवती काळं वलय दिसतं. खडूने खूण करा आणि नव्या रंगाआधी ठोकून घ्या.

वेल्डिंगच्या बोटीला ही भानगड नाही, फक्त वेल्डच्या कडेला रिमूव्हर साचू देऊ नका.

८. कॉस्टिक सोड्याने रंग सालीसारखा निघतो असं ऐकलं. ओव्हन क्लीनरही चालतो म्हणे?

रंग निघतो, त्याच्याबरोबर बोटही निघते. कॉस्टिक सोडा ऑक्साइड विरघळवतो, खालचं ॲल्युमिनियम खायला लागतो आणि या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो. जोरकस फेस दिसतो आणि माणसाला वाटतं, वा, काय काम करतोय! ओव्हनच्या बऱ्याच क्लीनरमध्येही हाच सोडा असतो. नकळत लावून झाला असेल तर घासत बसू नका, भरपूर पाण्याने बराच वेळ धुवा. पत्रा काळा पडला असेल तर ती वरवरची काजळी फॉस्फोरिक आम्लाच्या ॲल्युमिनियम क्लीनरने जाते. खड्डे पडले असतील तर ते राहतात.

९. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून दिवसात काम होईल ना?

होईल, आणि मी केलंही होतं. नांगराच्या साखळीचा गंज ज्या ब्रशने काढला होता तोच ब्रश घेऊन एका दुपारी अर्धी बाजू लख्ख केली, प्रायमर आणि वर पांढरा रंग दिला. तीन महिन्यांनी त्या पांढऱ्यावर तपकिरी ठिपके उमटले, पेनाच्या टोकाएवढे. नखाने एक ठिपका उचकटला तर खाली पांढरी भुकटी आणि भुकटीखाली खड्डा. पोलादाचे कण मऊ पत्र्यात रुतून बसले होते आणि प्रत्येक कण स्वतःभोवतीचं ॲल्युमिनियम झिजवत होता. ती बाजू परत उघडी करावी लागली. हौसेने केलेलं काम, हौसेने दोनदा.

साधा पोलादी ब्रश आणि स्टील वूल या बोटीच्या आसपास आणू नका. तारेचाच ब्रश हवा असेल तर स्टेनलेसचा, नवा, आणि आयुष्यभर फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेला. पितळी ब्रश मऊ असला तरी त्यात तांबं असतं, म्हणून तोही नको. ग्राइंडरला लावायची नायलॉनच्या जाळीची अपघर्षक चकती मिळते, ती कमी वेगावर चांगलं काम करते. ती एका जागी थांबवली की पत्रा तापतो, म्हणून हात फिरता ठेवा.

१०. पॉलिश पेपर किती नंबरचा?

रंग उतरवायला ८०, शेवटचा हात आणि प्रायमरची पकड यासाठी ८० ते १२०. त्याहून भरड पेपर दीड-दोन मिलिमीटरच्या पत्र्यावर वापरू नका. ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइडचा पेपर घ्या. मऊ रंगाने तो लगेच भरतो, म्हणून जाड थर आधी रिमूव्हरने उतरवून पेपर शेवटासाठी ठेवावा.

११. हीट गन चालेल का?

बाजूंवर, जपून. गॅसची ज्योत मात्र अजिबात नको. लोखंड तापलं की लाल होऊन इशारा देतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि तोवर रंग बदलत नाही. मिश्रधातू त्याआधीच मऊ पडायला लागतात. फासळ्यांना वापरतात तो ६०६१-टी६ सारखा उष्णतेने कडक केलेला मिश्रधातू २०० अंशांच्या पुढे जोर गमावतो आणि तो परत येत नाही. हीट गनचं तोंड पूर्ण जोरावर ५०० ते ६०० अंशांपर्यंत जातं.

गंमत अशी की इतकं असूनही रंग लवकर सुटत नाही, कारण पत्रा उष्णता दूरवर वाहून नेतो. आणि जिथे नेतो तिथे, दुहेरी तळाच्या आत, तरंगण्यासाठी भरलेला फोम असू शकतो. तो तापला तर विषारी धूर सोडतो, पेटूही शकतो. आत काय आहे ते माहीत नसेल तर हीट गन ठेवून द्या. शिशाचा संशय असेल तरी ठेवून द्या.

१२. ब्लास्टिंगवाल्याकडे दिली तर एका दिवसात उघडी करून देतो म्हणतो.

जाड पत्र्याच्या, वेल्ड केलेल्या बोटीला ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कणांचा मारा करून रंग उडवणं, हा चांगला मार्ग आहे आणि प्रायमरला त्याच्याइतकी पकड दुसऱ्या कशाने मिळत नाही. पण त्याला तीन प्रश्न विचारा. कोणता माल मारणार? गार्नेट, काचेचे मणी, प्लास्टिकचे दाणे किंवा अक्रोडाच्या कवचाचा चुरा चालतो. पोलादी ग्रिट आणि तांब्याच्या कारखान्यातला स्लॅग नको. यंत्रात आधी कोणता माल होता? लोखंडावर वापरून गोळा केलेला माल पुन्हा मारला तर प्रश्न ९ मधली कथा अख्ख्या बोटीवर घडते. आणि दाब किती? पातळ पत्रा जोराच्या माऱ्याने एका बाजूने ताणला जातो आणि पोट धरतो. तो सरळ होत नाही.

दीड-दोन मिलिमीटरची रिव्हेटची बोट मी तरी देणार नाही. खायच्या सोड्याचं ब्लास्टिंग सौम्य असतं, पण मागे अल्कलीचा अंश राहतो. तो नीट न धुता रंगवलेले पत्रे सालासारखे सोलले जातात.

१३. रंगाखाली पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे निघाले. पत्रा गेला का?

भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. ती दिसते फार आणि खाल्लेलं असतं थोडं, कारण गंजाचं आकारमान मूळ धातूपेक्षा बरंच जास्त असतं. नायलॉनच्या ब्रशने ती पूर्ण काढा, खड्ड्याच्या तळापर्यंत. फॉस्फोरिक आम्लाच्या क्लीनरने धुवा, स्वच्छ पाणी मारा, वाळवा, मग तळात डोकावा. जाडीच्या चौथाईपर्यंतचे विरळ खड्डे इपॉक्सी लांबीने (पुट्टीने) भरता येतात, पण प्रायमरचा पहिला हात दिल्यावर. सुई आरपार जाते किंवा खड्डे एकमेकांना भिडलेत तर वेल्डर बघा. लांबीने भोक बुजतं, पत्र्याला जोर मिळत नाही.

रंगाखाली दोऱ्यासारख्या वेड्यावाकड्या रेषा दिसल्या तर तोही गंजच, एखाद्या ओरखड्यापासून सुरू होऊन रंगाखालून सरपटत गेलेला. रेषा संपते तिथून चार बोटं पुढेपर्यंत रंग काढा.

१४. ॲल्युमिनियमची धूळ पेट घेते हे खरं आहे का?

खरं आहे. बारीक धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होऊ शकतो. लोखंडाच्या गंजाबरोबर मिसळली तर आणखी वाईट, कारण रेल्वेचे रूळ जोडायचं थर्माइट म्हणजे तेच मिश्रण. त्यामुळे एकाच कोपऱ्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम घासू नका आणि धूळ घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका. ओली धूळ झाकण लावलेल्या डब्यात भरू नका, पाण्याशी तिची क्रिया होऊन हायड्रोजन साचतो. हाताने ओलं घासणाऱ्याला एवढी काळजी नसते, ती ग्राइंडरवाल्याला असते.

१५. पत्रा चकचकीत झाला. आता प्रायमर कधी आणि कोणता?

लगेच. तासांत मोजा, दिवसांत नको. सकाळी घासून दुपारी प्रायमर हा क्रम बरा. उद्यावर गेलं तर उद्या पुन्हा हलका हात फिरवा. आज जेवढं रंगवून होईल तेवढंच आज घासा.

क्रम असा : घासण्याआधी तेलकटपणा काढा, नाहीतर पेपर तेल पत्र्यात चोळतो. घासल्यावर पुन्हा द्रावणाने पुसा, एक फडकं ओलं आणि मागोमाग दुसरं कोरडं. मग पत्र्यावर स्वच्छ पाणी शिंपडा. पाणी अखंड पडद्यासारखं पसरून राहिलं तर पत्रा तयार. थेंब-थेंब होऊन सुटलं तर अजून तेल आहे. पूर्ण वाळवून पुढे जा.

प्रायमर एक तर एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्रा किंचित खाऊन पकड घेणारा, किंवा थेट ॲल्युमिनियमसाठीचा इपॉक्सी. एच प्रायमरमध्ये आम्ल असतं आणि त्यावर काही इपॉक्सी नीट घट्ट होत नाहीत, म्हणून प्रायमर, लांबी आणि वरचा रंग एकाच कंपनीच्या एकाच तक्त्यातले घ्या. बुडासाठी मी सरळ इपॉक्सी लावतो.

१६. बुडाचा रंग लालसर निघाला, तांब्याचा असावा. आणि नवा कोणता लावू?

बहुतेक नेहमीच्या शेवाळरोधक रंगांत क्युप्रस ऑक्साइड असतं. मधला इपॉक्सीचा पडदा ओरखडला की त्यातलं तांबं बुडाला खड्डे पाडू लागतं. असा रंग पूर्ण काढा, ओला काढा, आणि सगळा रंग गेल्यावरही पत्रा क्लीनरने धुवा. नवा घेताना तांबं नसलेला किंवा कॉपर थायोसायनेटचा, आणि डब्यावर ॲल्युमिनियमचं नाव असलेला घ्या. बोट वापरून झाल्यावर पाण्याबाहेर काढत असाल तर हा रंग लागतच नाही. बोटीऐवजी स्वतः झिजावा म्हणून लावलेल्या धातूच्या तुकड्यावर, म्हणजे ॲनोडवर, मात्र कुठलाच रंग देऊ नका, रंगवलेला ॲनोड काम करत नाही.

१७. रंगवलीच नाही तर?

चालतं. ५०८३ सारख्या समुद्री मिश्रधातूच्या कामाच्या बोटी कित्येकदा बाजूंना उघड्याच असतात. वर्षभरात राखाडी होतात, एवढंच. उन्हात तापतात आणि डोळ्यांवर चमकतात, ही खरी तक्रार. रोज रंग खरवडणारं काम असेल तर मी उघडीच ठेवीन.

१८. खरवडलेले पोपडे आणि लगदा कुठे टाकायचा?

पाण्यात नाही, मातीतही नाही. काम सुरू करण्याआधी खाली ताडपत्री अंथरा आणि तिच्या कडा वर दुमडा. वाळलेला लगदा बंद पिशवीत भरून घातक कचरा घेणाऱ्याकडे द्या. घासलेली धूळ आणि रिमूव्हरचा लगदा वेगळा ठेवा (प्रश्न १४).

१९. मागच्या आडव्या पत्र्यावर कोरलेला नंबर रंगात बुजलाय. घासून मोकळा करू का?

घासू नका. तो बोटीचा ओळख क्रमांक असतो आणि अनेक देशांत तो पुसट करणं गुन्हा आहे. रिमूव्हरचा एक ठिपका आणि जुना टूथब्रश पुरतो. त्याच पत्र्याच्या आत लाकडी फळी असेल तर तीही बघून घ्या. तांब्याचे क्षार मुरवलेलं टिकाऊ लाकूड ओलं होऊन ॲल्युमिनियमला टेकलं की आतून पत्रा खातं आणि बाहेर मात्र फक्त रंगाचे फोड दिसतात.

२०. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. दोन आठवड्यांनी एकाच सांध्यालगत रंग मऊ पडून उचलला जातोय, बाकी सगळीकडे दगडासारखा आहे. काय चुकलं?

त्या सांध्यात रिमूव्हर राहिलाय (प्रश्न ७). रंग बाहेरून उत्तम बसला आहे, आतून त्याला कोणीतरी विरघळवतंय. वरून दुसरा हात देऊन दाबायचा प्रयत्न करू नका, तोही सुटेल. मऊ पट्टा हाताने खरवडून सांधा उघडा करा. रिमूव्हरच्या डब्यावर जे धुवायला सांगितलंय, पाणी किंवा द्रावण, त्याने सांधा वरून खाली पाच-सहा वेळा भिजवा आणि दर वेळी हवेच्या नळीने फुंकून काढा. मग वर्तमानपत्राच्या कागदाची घडी सांध्यावर चिकटपट्टीने बांधून रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर तेलकट डाग असेल तर पुन्हा धुवा. कागद कोरडा, डागाशिवाय निघेल त्या दिवशी नवं सीलंट भरा आणि प्रायमर लावा.